मारायला कुणी शिकवलं नव्हतं : सव्वातीन वर्षांच्या दादूचं प्रकरण

बालवाडी उघडून आठवडा झाला असेल-नसेल, ताईंचा फोन आला. "मॅडम, आज परत चावला. पोरीच्या गालावर दात उमटलेत. तिची आई उद्या भांडायला येणार आहे. तुम्ही या, नाहीतर मला ह्याचं नाव काढावं लागेल."

भांडुप पश्चिमेला टेकडीवर ही वस्ती आहे. रिक्षा जिथे सोडते तिथून पुढे उभ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना घरं. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवरून पाणी धावतं. बालवाडीची खोली १० बाय १५ फूट. पटावर २८ मुलं, एक सेविका, एक मदतनीस. मी या भागातल्या काही बालवाड्यांसाठी समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. पण एरवी फोन येतो तो सातवी-आठवीतल्या मुलासाठी, कुणाचं तरी डोकं फुटल्यावर. सव्वातीन वर्षांच्या मुलासाठी कुणी वेळेत बोलावलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

मुलाचं नाव देत नाही, आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरचे त्याला म्हणतात तेच मीही म्हणते : दादू. जानेवारीपर्यंत तो सोन्या होता. जानेवारीत बहीण झाली आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत तो सगळ्यांचा दादू झाला.

कोपऱ्यातले तीन दिवस

पहिले तीन दिवस मी काहीच केलं नाही. कोपऱ्यात चटईवर बसून लिहीत राहिले. मारण्याच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. हा तिसरा रकाना आपण जवळजवळ कधीच भरत नाही. 'मुलगा मारकुटा आहे' एवढं म्हणून मोकळे होतो.

पहिल्या दिवशी ११ वेळा त्याचा हात, पाय किंवा दात दुसऱ्यावर गेला. त्यातले ८ प्रसंग हात धुवायला रांग लागल्यापासून खिचडी ताटात पडेपर्यंतच्या २५ मिनिटांतले. सकाळचा पहिला तास, जेव्हा मुलं विखरून खेळत होती, तेव्हा एकदाही नाही. विनाकारण असं त्याने काहीच केलं नव्हतं. कुणी हातातली गाडी ओढली, कुणी अंगाला अंग लावून उभं राहिलं, किंवा नुसतं थांबावं लागलं, की मग. आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या रकान्यात एकच उत्तर : गाडी त्याच्याकडे राहिली, आजूबाजूला जागा झाली, किंवा गडबड थांबवायला त्याला आधी वाढलं गेलं. मारलं की काम होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. तो बोलत नव्हता. 'दे', 'नाय', 'आई', 'गाडी' असे मोजके शब्द. बाकी सगळं बोट दाखवून, ओढून. या वयाची मुलं तीन-चार शब्दांची वाक्यं करतात, प्रश्नांनी डोकं उठवतात. दुसरं म्हणजे ताईंनी मागून हाक मारली तर तो वळत नव्हता. ताई म्हणायच्या, "ऐकून न ऐकल्यासारखं करतो, लबाड आहे." मी पाठीमागे उभी राहून हळू टाळी वाजवली. शेजारची चार मुलं वळली. दादू गाडीच फिरवत बसला.

चावा बसलेल्या मुलीची आई आली, बरोबर दोन शेजारणी. ती ओरडली, आणि तिचं ओरडणं रास्त होतं. "माझ्या पोरीनं काय केलेलं? ती रात्री झोपेतनं दचकून उठते." अशा प्रकरणात आम्ही सगळे मारणाऱ्या मुलाभोवती गोळा होतो आणि मार खाणारं मूल भिंतीला टेकून रडत राहतं. याची मला लाज वाटते. म्हणून पुढच्या योजनेतलं पहिलं वाक्य त्या मुलीविषयीचं ठरलं : काहीही झालं तरी मोठं माणूस आधी जिला लागलंय तिच्याकडे जाईल.

घर

खोली १० बाय १२, वर पोटमाळा. आजी, आई, बाबा, काका, दादू आणि पाच महिन्यांची बहीण. बाबा पवईत एका इमारतीवर सुरक्षारक्षक, १२ तासांची रात्रपाळी. सकाळी नऊला येतात आणि चारपर्यंत त्याच खोलीत झोपतात. या एका गोष्टीभोवती सगळं घर फिरतं. "बाबा झोपलेत" हे या घरातलं दिवसातून सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य. बाहेर पायऱ्या, शेजारी उघडं गटार, म्हणून बाहेर सोडत नाहीत. आत आवाज करायचा नाही. तीन वर्षांच्या मुलाला सकाळी नऊ ते चार पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, ओरडायचं नाही. मग काय करायचं? मोबाईल बघायचा. बालवाडीचे तीन तास सोडले तर उरलेला दिवस तसाच.

मोबाईल काढून घेतला की तो आईला लाथा मारतो. आई पहिल्यांदा "नाही" म्हणते, दुसऱ्यांदा हात उगारते, तिसऱ्यांदा बाबा उठतील म्हणून मोबाईल परत देते. ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घराघरांत बसून नेमकी हीच साखळी टिपली होती. मूल जोर वाढवतं, मोठं माणूस माघार घेतं, दोघांनाही घटकाभर सुटका मिळते, आणि त्या सुटकेपोटी दोघंही उद्या तेच करतात. आई मुलाला जोर करायला शिकवते तसंच मूलही आईला माघार घ्यायला शिकवतं. माऊलीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिच्या जागी, त्या खोलीत, झोपलेल्या नवऱ्याशेजारी मीही मोबाईल दिला असता.

काकांना त्याचं कौतुक होतं. "वाघ आहे आमचा! कुणाचं ऐकून घेत नाय." आजी मालवणकडच्या. त्यांचा एकच धोशा, "अगो, तेका भूक लागली आसतली." बाबांचा उपाय फटका. मुलाच्या पाठीवर हात पडायचा आणि तोंडाने वाक्य यायचं, "कुणाला मारायचं नाय, सांगितलंय ना!" चार माणसांची चार उत्तरं, आणि त्यातलं कुठलं कधी मिळेल हे दादूला कधीच माहीत नसायचं.

आई २२ वर्षांची. पहाटे पाचला पाणी येतं, तेव्हा उठते. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाळाला पाजत होती, नजर भिंतीवर. मी विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं?" म्हणाली, "काहीच वाटत नाय मॅडम. हा मारतो ते पण लागत नाय." बाळंतपणानंतरच्या उदासीनतेसाठी १९८७ साली तयार झालेली, एडिनबर्गच्या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची चाचणी आहे. ती घेतली. गुण काळजी करण्याइतके आले. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का हा प्रश्न थेट विचारला, तसं नव्हतं. दादूच्या वेळी गरोदर असताना सासूच्या डबीतली मशेरी लावायची, हेही तिने त्याच दिवशी सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुणी थांबवलंही नव्हतं.

याआधी दादूला एका खाजगी नर्सरीत घातलं होतं. तीन आठवड्यांत 'तुमचा मुलगा इथे बसणार नाही' म्हणून परत पाठवलं. फी परत मिळाली नाही.

हे शिकला कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. ताईंना वाटत होतं मोबाईलवरच्या मारामाऱ्या बघून, आजीला वाटत होतं शेजारच्या पोरांकडून, आईला वाटत होतं बाबांकडून. यात तथ्य नाही असं नाही. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी स्टॅनफर्डमध्ये दाखवलं होतं की मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलं की लहान मुलंही तसंच बडवतात. पुढची कित्येक वर्षं जगाने हेच धरलं की मूल मुळात निर्मळ असतं, मारणं त्याला बाहेरून चिकटतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे संशोधक रिशार त्रांब्ले यांनी हा समज उलटा करून पाहिला. १९८४ मध्ये त्यांनी तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमधले बालवर्गातले १,०३७ मुलगे निवडले आणि ते मोठे होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. अपेक्षा अशी, की वय वाढेल तशी मारामारी वाढत जाईल आणि ती कधी सुरू होते ते हाती लागेल. झालं भलतंच. मारामारी बालवर्गातच सर्वांत जास्त होती. पुढे बहुतेकांची कमी कमी होत गेली. म्हणजे सुरुवात त्याआधीची. म्हणून पुढच्या अभ्यासांत ते आणि त्यांचे सहकारी थेट तान्ह्या बाळांपर्यंत मागे गेले. तिथे दिसलं, की ढकलणं, ओढणं, मारणं, चावणं पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, मूल चालू लागतं तेव्हा सुरू होतं, दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान शिगेला पोचतं आणि मग उतरतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७२ कुटुंबांच्या अभ्यासात सुमारे २८ टक्के मुलं जवळजवळ मारतच नव्हती, ५८ टक्के मध्यम, आणि १४ टक्के सुरुवातीपासून जास्त मारणारी होती. काळजी या शेवटच्या गटाची, कारण त्यातल्या काहींचा आलेख उतरतच नाही.

मारायला शिकवावं लागत नाही. न मारायला शिकावं लागतं. थांबणं, मागणं, वाट पाहणं, रागाला शब्द देणं, हे सगळं मोठ्यांच्या सोबतीने, हजारो छोट्या प्रसंगांतून मुलात उतरतं. दादूला कुणी बिघडवलं नव्हतं. त्याचं शिकणं मध्येच अडकलं होतं.

अडकवणाऱ्या गोष्टीही त्या अभ्यासात स्पष्ट आहेत : आईचं कमी वय, तिचं स्वतःचं शाळकरी वयातलं बेशिस्त, दांडगं वागणं, गरोदरपणातलं धूम्रपान, तुटपुंजी कमाई, आईबाबांमधली भांडणं, जबरदस्तीची शिस्त, घरात भावंड असणं. यादी वाचताना मला भांडुपची ती खोली दिसत होती. पण यादी म्हणजे निदान नव्हे. धूम्रपानाचंच घ्या. गरोदरपणात तंबाखू घेणाऱ्या बायका बहुधा इतर शंभर ओझ्यांखालीही असतात, त्यामुळे दोष तंबाखूचा किती आणि ओझ्यांचा किती हे वेगळं काढणं फार अवघड. मशेरीविषयी मी त्या आईला एवढंच सांगितलं की ती बाळाला आणि तिला दोघांनाही वाईट, आता सोडूया. 'तुझ्या मशेरीमुळे हा असा झाला' हे वाक्य मी कधीही उच्चारणार नाही. ते खरं असल्याचा पुरावा नाही आणि ते ऐकून ती माझ्याशी पुन्हा बोलली नसती.

कान

सर्वांत आधी कान. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे लहान मुलांच्या ऐकण्याची तपासणी होते. भांडुपहून दादरला गाडी बदलून, कडेवर बाळ आणि हाताला दादू. आईने एकटीने हा प्रवास पहिल्यांदाच केला. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. सततच्या सर्दीने असं होतं. मूल ठार बहिरं नसतं, पण कानांत बोटं घालून ऐकावं तसं त्याला ऐकू येतं. जवळून, तोंडासमोर बोललं तर कळतं. २८ मुलांच्या गोंगाटात काही कळत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं ठरवलं. असं पाणी पुष्कळदा आपणहून ओसरतं.

कान हेच कारण, असा निष्कर्ष काढायची मला घाई नव्हती. कानात पाणी असलेली कितीतरी मुलं कुणाला चावत नाहीत. पण ज्याच्याकडे शब्द कमी त्याचे हात जास्त चालतात हे खरं. क्यूबेकमधल्या १९ महिन्यांच्या जुळ्यांच्या एका अभ्यासात (२००३) हा दुवा दिसला होता. फार जाड नाही, पण होता. दादूच्या बाबतीत तरी 'लबाड' हा शब्द त्या दिवसापासून बालवाडीतून गेला. ताईंना वाईट वाटलं. त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसून बोलू लागल्या.

काय केलं

बालवाडीत सर्वांत मोठा बदल रांगेचा. २८ मुलांची एक रांग मोडून सात-सातचे चार गट केले. एक गट हात धुतो तेव्हा बाकीचे गाण्यात. दादूला ताटं मांडायचं काम दिलं, म्हणजे थांबायची २५ मिनिटं त्याच्यासाठी उरलीच नाहीत. ताटं मांडताना त्याच्या चेहऱ्यावर जी जबाबदारी यायची ती बघायला मी मुद्दाम त्या वेळी जायचे.

दुसरं, शब्द. ताई त्याच्या हाताच्या अंतरावर राहायच्या. हात उठला की मनगट धरायचं, घट्ट पण न दुखवता, आणि त्याच्या वतीने बोलायचं : "मला दे." "माझी पाळी." "सरक." तीनच. मारून झालंच, तर आधी लागलेल्या मुलाकडे, मग दादूला एक वाक्य, "चावलं की दुखतं, मी चावू देणार नाही." जबरदस्तीचं 'सॉरी' नाही, भाषण नाही, आणि गाडी कधीच त्याच्याकडे नाही. हा शेवटचा भाग ताईंना सर्वांत जड गेला. तो आकांत करायचा, चाळभर आवाज जायचा. पहिल्या दहा दिवसांत मारणं वाढलं. हे होणार असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. जुनं हत्यार चालेनासं झालं की मूल ते आधी जोरात चालवून बघतं.

तिसरं, खेळ. 'स्टॅच्यू' आणि 'शिवाजी म्हणतो' हे खेळ आपण नुसती करमणूक समजतो. शिवाजी म्हणतो तेव्हाच उठायचं, नुसतं 'उठा' म्हटलं तर बसून राहायचं, यात अंगातली ऊर्मी आवरण्याचा शुद्ध सराव आहे, तोही हसत. रोज दहा मिनिटं सगळ्या वर्गाला. पहिल्या आठवड्यात दादू प्रत्येक वेळी चुकायचा आणि खदखदून हसायचा. त्याला बाद करायचं नाही असा नियम मीच घातला. थांबता न येणाऱ्याला खेळातून काढलं तर तो थांबायला शिकणार कधी?

घरी, आईबरोबर रोज दहा मिनिटं. बाळ आजीकडे, मोबाईल पेटीत, दादू जे खेळेल ते आईने खेळायचं. हुकूम नाही, प्रश्न नाहीत, शिकवणं नाही, तो काय करतोय ते नुसतं बोलायचं : "डबा वर ठेवलास. आता झाकण." आईला हे वेडेपणाचं वाटलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "तो माझ्या मांडीत येऊन बसला मॅडम. बाळ झाल्यापासून बसला नव्हता." तिला महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलं, दोनदा गेली, तिसऱ्यांदा पाण्याची वेळ बदलली आणि राहिलं. म्हणून दर गुरुवारी मी घरी जात राहिले. आजींनी दुपारी दोन तास बाळ सांभाळायचं कबूल केलं आणि शब्द पाळला. त्या झोपेने माझ्या समुपदेशनापेक्षा जास्त काम केलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाबांची गोष्ट वेगळी. "मला माझ्या बापानं पट्ट्यानं फोडलाय, म्हणून सरळ राहिलो," ते म्हणाले. माझ्या हाताशी उत्तरं होती. २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र मांडून, १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून दिसलं होतं की फटके खाणारी मुलं पुढे कमी नव्हे, जास्त आक्रमक असतात. स्वीडनने १९७९ मध्येच घरातलं मारणंही कायद्याने थांबवलं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेपुरतं, तेही ६ ते १४ वयासाठी. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसासमोर आकडे मांडायचे नसतात. ते रोज रात्री गेटवर नोंदवही भरतात, आलेल्या प्रत्येक गाडीची वेळ टिपतात. मी तशीच एक वही त्यांना दिली. वेळ, काय झालं, आपण काय केलं, पुन्हा कधी झालं. त्यांनी ती ड्युटीसारखी भरली. '९.४० मोबाईल काढला. आईला लाथ. फटका दिला. ९.४४ परत लाथ.' '६.१५ बाळाचे केस ओढले. फटका. ६.२० परत.' दोन आठवड्यांनी वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "चार-पाच मिनिटं टिकतो फटका."

त्यानंतर त्यांना दिलेलं काम त्यांना आवडलं : संध्याकाळी कामावर जाण्याआधी गादीवर कुस्ती. नियम एकच. कुणीही 'बस' म्हटलं की दोघांनी हात सोडायचे, बाबांनीसुद्धा. अंगाची रग खेळात, बाबांच्या अंगावर, पण मर्यादेत. काकांनाही कुस्तीत घेतलं आणि 'वाघ' हा शब्द कुठे वापरायचा ते ठरवलं : दादू 'बस' म्हटल्यावर थांबला, की वाघ.

सप्टेंबर आणि नंतर

ऑगस्टअखेर बालवाडीतलं मारणं दिवसाला एक-दोनवर आलं होतं. मग गणपतीला सगळे गावी गेले, बारा दिवस. मोकळं अंगण, चुलत भावंडं, दिवसभर पळणं. परत आला तो मालवणी बोलत : "माका व्हया." ताईंनी मला फोन करून ऐकवलं. मी ऑफिसात उभी राहून रडले.

दोन आठवड्यांनी पुन्हा सर्दी, पुन्हा कान, पुन्हा जुनं सगळं. तो बहिणीच्या दंडाला चावला आणि आईने त्याला मारलं, खूप. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून पायऱ्या उतरून केंद्रात आली, कुणी न बोलावता, आणि घडलं ते सांगितलं. त्या दिवशी आम्ही दादूविषयी जवळजवळ बोललोच नाही. तिला कोण कोण, कधी कधी मारायचं, ते ती सांगत होती.

तीन महिन्यांच्या तपासणीत एका कानातलं पाणी गेलं होतं, दुसऱ्यातलं थोडं उरलं होतं. दिवाळीनंतर शब्द झपाट्याने वाढले.

एक खंत लिहायलाच हवी. हे जे केलं त्यात अवघड विद्या कुठलीच नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात डेव्हिड ओल्ड्स यांच्या प्रयोगात परिचारिका पहिलटकरणींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिल्या. ती मुलं १५ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या अटकेचं प्रमाण कमी निघालं. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये खुरटलेल्या १२९ लहान मुलांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींच्या घरी वस्तीतल्याच बायका आठवड्याला एक तास, घरी बनवलेली खेळणी घेऊन, दोन वर्षं गेल्या. विशीत पोचल्यावर त्या मुलांच्या हातून मारामाऱ्या आणि गंभीर हिंसा कमी झाली. आपल्याकडे अशी बाई प्रत्येक वस्तीत आधीच आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला अंगणात भरवलेल्या शाळेतून 'अंगणवाडी' हा शब्द आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. या मुंबईत तर १९३७ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र काढलं होतं. तरी आजही सेविकेचा दिवस वजनं, पाकिटं आणि मोबाईलवरच्या नोंदींत जातो. गरोदर बाईच्या घरी जाऊन तासभर बसायला, तिला कोण मारतं हे ऐकायला तिला वेळ नाही, आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. चौदाव्या वर्षी त्याच मुलासाठी पोलीस, बालन्याय मंडळ, निरीक्षणगृह सगळं उभं असतं.

मार्चमध्ये, पाडव्याच्या आधी, मी शेवटची नोंद घेतली. दादू चार वर्षांचा. दोन तासांत एक प्रसंग : मुलाने गाडी ओढली, दादूचा हात वर गेला, तसाच थांबला, आणि तो ओरडला, "ताई, तो देत नाय!" रागाने लाल झाला होता. गाल चावलेली ती मुलगी त्याच्यापासून दोन हातांवर बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा रंगवायला लागली.

तिथून घरी गेले. बहीण आता चौदा महिन्यांची, नुकती धरून धरून चालते. आईच्या मांडीवर चढली आणि दोन्ही मुठींत तिचे केस धरून तिने हिसडा दिला. आजी म्हणाल्या, "झालां, ही पण भावासारखीच!" आईने एकेक बोट सोडवलं, तो इवला हात स्वतःच्या गालावर ठेवून हळूच फिरवला. "दुखतं गं. असं. हळू." बाळाने पुन्हा केस धरले. आईने पुन्हा बोटं सोडवली.